हाकेनंतरची जागा

माण, ता. मुळशी
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय निषाद,

तुझं पार्सल भाद्रपदात पोचलं आणि मी उत्तर लिहायला बसले आहे ती इमारतीतले आकाशकंदील उतरल्यावर. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, 'नमुन्याची प्रत आहे. ऐक, आणि "झकास" एवढं एकच कळव, म्हणजे छपाईला देतो.' तो एक शब्द माझ्याकडून लिहिला गेला नाही. का नाही, हे फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून पार्सलावरचा पत्ता बघून हे पत्र टाकते आहे. क्रमाने सांगणार आहे. तुला पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघायची खोड आहे, ती या वेळेपुरती बाजूला ठेव.

पार्सल उघडलं तेव्हा आईला वाटलं, तू मोठं कॅलेंडर पाठवलंस. मग आतून काळी कुळकुळीत तबकडी निघाली. आप्पांनी ती दोन्ही तळव्यांवर धरून उन्हात तिरपी केली आणि तिच्या रेघा बघत बसले. आई म्हणाली, "वाजवायची कशावर? तव्यावर?" आमच्याकडे यंत्र कुठलं! पण तिसऱ्या मजल्यावर अनिमेष म्हणून अमरावतीचा भाडेकरू आहे, हिंजवडीच्या फेज दोनमध्ये कामाला. त्याच्याकडे आहे हे मला ठाऊक होतं, कारण भिंतीतून मंद घोंघावणारं काहीतरी सतत येतं आणि आई त्याला "मोटार बिघडली का रं?" असं विचारत असते. मी वेष्टन दाखवलं तसा तो जिन्यातच बसला. त्याने सांगितलं, की जुन्या, संथ इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नव्या आवृत्त्या हल्ली जगभर निघतात, लोक रांगा लावून घेतात, आणि तुझ्या बाबांच्या, आमच्या विश्रामकाकांच्या, 'खाचर'ची कॅसेट तो कॉलेजात असल्यापासून शोधतोय. "हे रेकॉर्ड कुठं झालंय, माहीत आहे तुला?" त्याने मलाच विचारलं. मी पाय आपटून दाखवला. "इथंच. तुझी गाडी लावतोस ना, तिथं." बिचारा खाली पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला आणि फरशीकडे बघत बसला.

तुला आमची जुनी खोली आठवते ना? गोठ्याला लागून होती, भात ठेवायची. तू यायला लागलास तेव्हा तिथं काकांचं सगळं सामान नीट लागलेलं होतं, पण त्याआधीची गंमत तुझ्या जन्माच्याही अगोदरची. टेलिफोन खात्यातला हा माणूस पुण्याहून स्कूटरवर कीबोर्ड बांधून आला आणि आमच्या आजोबांना, हैबतरावांना म्हणाला, सुट्टीच्या दिवसांपुरती खोली द्या, मला आवाज करायचाय. आजोबा म्हणाले, "करा की. हितं बैल हायेत, त्यांला चालत असंल तर आमाला चालंल." काका टेपचा लांब पट्टा जोडून त्याचं कडं करायचे. ते यंत्रातून निघून खोलीभर फिरून परत यंत्रात जायचं, म्हणजे तोच सूर पुनःपुन्हा येत राहायचा, जरा जरा झिजत. पट्टा ताणायला पलीकडच्या टोकाला काहीतरी गोल, जड, उभं हवं. त्यासाठी उखळात उभं केलेलं मुसळ त्यांनी पसंत केलं. घरात कांडण निघालं की आजी खोलीच्या दाराशी येऊन सांगायची, "इश्राम, तुझं गाणं सोड, मुसळ पायजे." काका मुकाट्याने पट्टा सोडायचे. मी हे आप्पांकडून इतक्यांदा ऐकलंय, की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं. आप्पा तेव्हा बोलायचे.

आता राखणीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दसऱ्याच्या सुमाराला भात पोसवून पिवळं पडायला लागलं, की सकाळी पाखरांचे थवे उतरायचे. प्रत्येक खाचरावर मचाण असायचं आणि घरातलं कुणीतरी पहाट सरली की त्यावर जाऊन बसायचं. डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, आरोळी द्यायची. पण आरोळी नुसती पाखरांसाठी नसायची. एका मचाणावरून "हाऽऽऽ होऽऽ" गेली की शेजारच्या मचाणावरून "होऽऽऽ" असं उत्तर आलंच पाहिजे. नाही आलं तर पुन्हा हाक. तीनदा हाक देऊनही उत्तर नाही, तर आपलं रान तसंच पाखरांच्या स्वाधीन करायचं आणि त्या मचाणाकडे धावायचं. पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल, माणूस पडला असेल. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं हे, पण मोडायचं नाही असं होतं. आमच्या खाचरावर आप्पा बसायचे. ओढ्यापलीकडे चांद्याच्या लोकांनी खंडाने घेतलेलं खाचर होतं, त्यावर त्यांची मुलगी. ती मुलगी म्हणजे आमची आई. "ह्यांचं लगीन आरडाओरडा करून जमलंय," असं आप्पांचे भाऊ किशोरकाका प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगायचे आणि आई त्यांच्या ताटात मुद्दाम भात जास्त वाढायची.

काकांनी 'खाचर'ची दुसरी बाजू खोलीची खिडकी उघडी टाकून एका सकाळीत केली, त्यात आप्पांची हाक आली. सगळं संगीत हळूहळू विरत जातं, खाली एकच खर्जातला सूर राहतो आणि फार लांबून, खरखरीच्या आडून, "हाऽऽऽ होऽऽ". घरात कॅसेट लागली की आप्पा उठून आवाज वाढवायचे. पाहुणा कुणीही असो, बोट वर. "थांबा… हां. हा मी!" आणि दर वेळी, न चुकता, आई पुढे होऊन खटकन बटण दाबायची. "बास झालं. जेवायला बसा." तू अंगणात चेंडू खेळत असायचास, तुला आठवत नसेल. मला मात्र लहानपणी वाटायचं, की ते गाणं तिथंच संपतं. आप्पांच्या हाकेवर.

गेल्या वर्षी तू कळवलंस, की मूळ रिळांना बुरशी लागली आहे आणि कुणाकडे चांगली कॅसेट आहे का. आप्पांनी आमची कॅसेट रुमालात बांधून माझ्या हातात दिली. तुझ्या यंत्रात ती एकदा पूर्ण वाजली आणि मग तिचा पट्टा तुटला, हेही तू लपवलं नाहीस. आप्पा रागावले नाहीत. हाताने खूण केली, म्हातारी झाली होती. आम्ही तुला हाकेबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. निषाद, चूक असेल तर ही. पण सांगायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. गाणं दिलं म्हणजे हाक दिलीच, असं आम्ही धरून चाललो. ती वेगळी काढता येते, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं?

आप्पांचं घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू फोन केला होतास, पण नंतरचं तुला नीट सांगितलं नाही. जीव वाचला, आवाज गेला. सुरुवातीला पाटी दिली, ती त्यांनी खाटेखाली सरकवून दिली. मग एक दिवस हातातल्या अंगठीने स्टीलचा पेला वाजवला. आई स्वयंपाकघरातून काही विचार न करता ओरडली, "होऽऽ!" तेव्हापासून तेच सुरू झालं. पेला वाजला की आईचं उत्तर. पाणी हवंय, उशी सरकलीय, की नुसतंच आहेस ना, ते तिला वाजवण्यावरून कळायचं. कधी ती मुद्दाम गप्प बसायची. तिसऱ्यांदा पेला वाजला की हात पुसत यायची, "आले बाबा, मेले न्हाई आजून," म्हणत. आप्पा हसायचे. आवाज नसलेलं हसणं किती मोठं असू शकतं, ते मी त्यांच्याकडे बघून शिकले.

तर, अनिमेषने यंत्र खाली आणून आमच्या बैठकीत लावलं. आप्पांनी धुतलेला सदरा घातला. पहिली बाजू संपली तेव्हा अनिमेषचे डोळे मिटलेले होते आणि मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. इतकं स्वच्छ आम्ही ते कधी ऐकलंच नव्हतं. काचेमागचं पाणी बघावं तसं. दुसरी बाजू लागली. संगीत विरत गेलं, खर्ज उरला, आणि आप्पांनी बोट वर केलं. माझ्याही नकळत मी त्यांच्याकडे बघून हसले. थांबा. हां.

काही आलं नाही. खर्ज तसाच राहिला, मग वर एक नवा सूर उगवला आणि गाणं पुढे निघून गेलं. आप्पांचं बोट वरच होतं. त्यांनी खूण केली, परत लाव. परत तेच. आणखी एकदा. अनिमेषला वाटलं, तबकडीत दोष आहे. तो सुई फुंकत बसला. आप्पांनी बोट खाली घेतलं आणि स्वतःच्या गळ्याला लावलं, जिथं भोक आहे तिथं. मग माझ्याकडे असं बघितलं, की आवाज इथूनही गेला का गं? मी पदवीधर, घरातली पहिली. दवाखान्याचे सगळे कागद मी वाचते, सह्या कुठं करायच्या ते मी सांगते. तेव्हा मी नुसती उभी राहिले.

मग त्यांनी पेला वाजवला. आई दारातच होती, तरी वाजवला. तिच्याकडे बोट, यंत्राकडे बोट. आई पदर सारखा करत म्हणाली, "आता कशाला ते, पोरांसमोर?" त्यांनी पुन्हा वाजवला. तेव्हा ती खाली बसली आणि तिने सांगितलं, की पुढे ती होती. आप्पांच्या हाकेनंतर ओढ्यापलीकडून तिचं उत्तर आलं होतं, तेही त्या टेपवर होतं, आणि काकांनी ती जागा त्यासाठीच मोकळी सोडली होती. "इश्रामभाऊजी मला म्हनले व्हते, रेश्मा, तुझा सूर धरूनच मी पुढची पट्टी लावली. मला लई लाज वाटायची. लगीन न्हाई, काय न्हाई, आन् माजं वरडनं पुन्यात वाजतंय! म्हनून बटन दाबायची." निषाद, मी ते गाणं आयुष्यभर ऐकलं आणि अर्धवट ऐकलं. मी लगेच सुई त्या जागी ठेवायला सांगितली. नवा सूर येतो ना, कुठूनही न आल्यासारखा? तो आईचा आहे. आईचं ओरडणं पुसलं गेलं आहे, तिचा सूर तेवढा राहिला आहे, आणि आता तो कुणाला उत्तर देतोय ते कुणाला कळणार नाही.

आप्पांनी पुन्हा एकदा लावायला लावलं. खर्ज आला तशी त्यांनी अंगठी पेल्यावर मारली, टण्ण. आणि आमची आई, जिने आयुष्यभर ते बटण दाबलं, ती भाडेकरूसमोर, उघड्या दारात, पदर खोचून, मान वर करून ओरडली, "होऽऽऽऽ!" पार्किंगमधली एक गाडी वाजायला लागली. वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकले. आणि बरोबर त्याच सुरात काकांचा कीबोर्ड आला, एवढ्या वर्षांनी, तिच्या हाताला धरून चालल्यासारखा. अनिमेष रडला. मी नाही रडले, मी आप्पांकडे बघत होते. त्यांचा चेहरा मचाणावरच्या पोरासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला. तू घाईत होतास, म्हणालास, "अगं, तो बाहेरचा गोंगाट होता, तासन् तास बसून साफ केलाय, छान झालंय ना?" आणि मग बोलू म्हणून ठेवलास. मी रागावले होते, हे मान्य. वेष्टनावर तुम्ही लिहिलंय, 'सह्याद्रीच्या कुशीतल्या एका नि:शब्द गावात ध्वनिमुद्रित'. नि:शब्द कुठलं रे? बैल होते, डबे होते, मुसळ होतं, आरडाओरडा होता. आता हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळी कंपनीच्या गाड्यांचे हॉर्न ऐकले की बाहेरची माणसं म्हणतात, पूर्वी इथं किती शांत असेल. शांत नव्हतं. पूर्वी इथं आवाजाला उत्तर यायचं, एवढाच फरक होता. तू माझ्याकडून वेष्टनासाठी मजकूर मागितलास, माझं नाव पहिल्यांदा छापून येणार म्हणून आईने पेढे आणले होते. मी त्यात आमच्या सगळ्या खाचरांची नावं घातली होती, इमारतींखाली गेलेली. पण त्या 'नि:शब्द'शेजारी माझी ओळ नको. हाक नसेल तर माझं नावही काढ.

नवरात्रातल्या एका सकाळी आप्पा गेले. ताप आला, छातीत कफ झाला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आई चुलीपाशी होती, मी त्यांच्या शेजारी होते. पेला त्यांच्या हातातच होता, पण वाजवला नाही. मी तुला त्याच दिवशी निरोप पाठवला. त्यावर अजून एकच खूण आहे, म्हणजे तुझ्यापर्यंत तो पोचलेलाच नाही. तुझा फोन बंद आहे की तू, ते मला कळत नाही. काका गेले तेव्हाही तू असाच गप्प झाला होतास. त्या साथीच्या दिवसांत विमानं बंद होती, आणि त्यांचं शेवटचं तू फोनच्या चौकटीत बघितलंस. नंतर कितीतरी महिने तुझ्या नंबरावर नुसती रिंग वाजत राहायची.

म्हणून एक विचारते, जपून विचारते. पहिल्या बाजूच्या सुरुवातीला काका घसा साफ करायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हं, चला." आमच्या कॅसेटवर ते स्पष्ट होतं. आप्पा त्याची नक्कल करायचे. नव्या तबकडीत तेही नाही. आधी मला वाटलं, यंत्राने आपोआप पुसलं असेल. पण माणसाचा खोकला यंत्र नाही ओळखत, तो तू बोट ठेवून काढला असशील. तुला तो ऐकवत नसेल. रोज तेच काम करताना, रोज आधी ते "हं, चला" ऐकायचं, आणि मग तो माणूस नाही. मला हे आप्पा असताना सुचलं नसतं, आता सुचतं. तू गोंगाट साफ करत नव्हतास, निषाद. मी रागावले होते ते मागे घेते. तू इथं असतास तर जिन्यात शेजारी बसून हे सांगितलं असतं, फार न बोलता.

आता हे पत्र का लिहिलं ते. तेरावं झाल्यापासून आई रोज सकाळी कामं आटपली की अनिमेषचं यंत्र लावायला सांगते. त्याने ते परत नेलंच नाही. दुसरी बाजू. ती यंत्रासमोर उभी राहते, पदर खोचते. संगीत विरतं, खर्ज उरतो, ती मान वर करते. आणि थांबते. मी एकदा पेला वाजवून बघितला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू नगं." मग तिचाच सूर येतो, तिच्याशिवाय, आणि ती पदर सोडून आत जाते. हाकच आली नाही तर उत्तर कसं द्यायचं, ते तिला माहीत नाही. तिला कुणी शिकवलंच नाही तसं. सफाईच्या आधीची प्रत तुझ्याकडे असेल. असू दे, असं रोज म्हणते. तिच्यातून सगळी खरखर परत घाल, काकांचा खोकला घाल, आणि आप्पांची ती लांबून आलेली हाक घाल. छापायची नसेल तर नको छापूस, लोकांना तुझी स्वच्छ तबकडीच आवडेल कदाचित. आम्हाला एक प्रत पुरे. आईचं जुनं उत्तर त्यात नाही सापडलं तरी चालेल, ते ती इथं उभी राहून देईल. फोन केला ती माझी पहिली हाक होती, निरोप दुसरी. हे पत्र तिसरी आहे, आणि मला तुझ्याकडे धावत येता येत नाही. तू ओ दे.

ओढ्याच्या अलीकडून,
तुझीच
सृष्टी